कवटीचं लेबल लावलेलं ग्लुकोज

दिवाळी अंक हातात घेऊन लोक फराळाच्या ताटाशी बसतात, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो, या लेखात लघवीचा उल्लेख तीन-चार वेळा येणार आहे. चकली, करंजी उरकून मग पुढे वाचावं. नंतर संपादकांना पत्र लिहून माझी तक्रार करू नये.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. कागदोपत्री परिचर, प्राध्यापकांसाठी 'कदम' आणि पोरांसाठी 'मामा'. आमची सौ. म्हणते, तुम्ही जन्मभर बाटल्या विसळल्यात. तेही खरं आहे. पण प्रयोगशाळा चालते मामावर. प्राध्यापक फळ्यावर समीकरण लिहून निघून जातात. ते समीकरण पोरांच्या परीक्षानळीत खरं व्हावं यासाठी द्रावणं किती तीव्रतेची हवीत, कुठली बाटली बाद झाली, कुठल्या नळाला पाणी नाही, कुठला बर्नर भडकतो, हे सगळं मामाच्या डोक्यात असतं. दर तुकडी गेली की परीक्षानळ्या मोजायच्या, असा माझा नेम होता. शंभर दिल्या तर शंभर परत यायला हव्यात. फुटल्या तर तुकडे दाखवायचे.

आणखी एक गोष्ट मामालाच यावी लागते. उडालेल्या लेबलांच्या बाटल्या ओळखणं. आमच्या दमट हवेत आणि आम्लाच्या वाफांत लेबल दोन पावसाळे टिकत नाही. मग रंग बघायचा, वास घ्यायचा, बाटली हलवून दाटपणा बघायचा. माझ्या आधीच्या मामांनी मला एक शेवटची पायरीही शिकवली होती. बोट बुडवायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. प्रयोगवहीच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं की प्रयोगशाळेत काहीही चाखू नये. ते पोरांसाठी असतं, असा आमचा समज होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या लक्षात आलं की नळ्या शंभरच्या शंभर परत येतात, पण शेवटच्या टेबलाच्या मोरीत रोज एका नळीच्या तळाला विटकरी गाळ असतो. कधी पिवळा, कधी हिरवा. आता हा रंग मी झोपेतही ओळखीन. बेनेडिक्टचं निळं द्रावण साखरेबरोबर उकळलं की असे रंग येतात. साखर नसेल तर निळं ते निळंच. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी आणि भरपूर असेल तर विटेसारखं लाल. पण त्या वर्गाला त्या महिन्यात साखरेचा प्रयोगच नव्हता. म्हणजे कुणीतरी चोरून काहीतरी शिजवत होतं. माझा पहिला संशय गावठी दारूवर गेला. आमच्या पोरांचा एकंदर अभ्यास बघता तेवढी चिकाटी एखाद्यात असती तर मला बरंच वाटलं असतं.

मी शोध सुरू केला. तिसऱ्या दिवशी शेवटच्या टेबलाखाली, स्टँडच्या मागे, खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली सापडली. आत फिकट पिवळं पाणी. लेबल नाही. मी बाटली उजेडात धरली, हलवली, वास घेतला. वास जरा पिकल्या फळासारखा. मग माझ्या गुरूला स्मरून शेवटची पायरीही केली.

गोड लागलं. थोडं खारटही.

मी खूश झालो. साखरेचं पाणी, त्यात मीठ पडलेलं, असा निकाल मनाशी देऊन मी त्या बाटलीवर 'ग्लुकोज, अशुद्ध' अशी चिठ्ठी डकवली आणि फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर पहिल्या वर्षाची एक मुलगी मागे रेंगाळली. वनिता भोईर तिचं नाव. बदलापूरच्या पलीकडच्या चामटोलीची. दोन वेण्या, हातात कापडी पिशवी, वर्गात तोंडातून शब्द नाही.

"मामा, इथे टेबलाखाली माझी बाटली होती."

"ती ग्लुकोजची?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, दहा वर्षं झाली मला इथे," मी छाती फुगवून म्हणालो. "आमच्या जिभेला सगळं कळतं."

ती मटकन स्टुलावर बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. नीट पाहिलं तर ती रडतही होती आणि हसतही होती. मग तिने मला सांगितलं की तिला दहावीपासून मधुमेह आहे आणि त्या बाटलीत काय होतं. मी तडक मोरीकडे गेलो आणि तिथला कपडे धुण्याचा साबण जिभेला लावला. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आमची सौ. इथेच पहिल्यांदा वाचणार आहे.

साखर रक्तात किती हे घरच्या घरी सांगणारी यंत्रं तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. लघवीचे आठ थेंब निळ्या द्रावणात टाकून उकळायचे आणि रंग बघायचा, हाच उपाय. वनिताने तो घरी करून पाहिला होता. पण चामटोलीत भिंतीला भिंत. स्पिरिटचा दिवा, निळं पाणी आणि वर येणारी वाफ बघून शेजारच्या बायका विचारायला आल्या, "वनी कसला काढा करते गं?" आईने घाबरून सगळं परड्यात पुरलं. रोज सकाळी पोटात किंवा मांडीत इन्सुलिनचं इंजेक्शन. काचेची सिरिंज भाताच्या शेजारच्या चुलीवर उकळायची. घरी फ्रिज नाही, म्हणून औषधाची कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या खाली. हे सगळं सांभाळून ती पहाटे उठून लोकलने विठ्ठलवाडीला उतरायची आणि साडेसातच्या तासाला हजर असायची.

"आणि हे कुणाला कळता कामा नये," ती म्हणाली. "कळलं तर बाबा कॉलेज बंद करतील."

मी तिला पूर्ण सामील झालो. का ते मला नीट सांगता येणार नाही. चाखल्यावर एक प्रकारचं नातं तयार होतं म्हणा.

त्या दिवसापासून फ्यूम कपाटामागची, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटामागची, जागा तिची. दुपारी तिथे तिचा प्रयोग चालायचा आणि मी दारात झाडू घेऊन उभा राहायचो. बेनेडिक्टचं द्रावण मी जरा जास्त बनवू लागलो. इन्सुलिनची जादा कुपी आमच्या फ्रिजमध्ये गेली. त्या फ्रिजमध्ये नियमाने फक्त ईथर ठेवायचं होतं. प्रत्यक्षात चहाचं दूध आणि विभागप्रमुख लालवानी सरांचे मिठाईचे खोके असायचे. सर उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारातून नेहमी मिठाई आणायचे, सगळ्यांना आग्रहाने वाटायचे आणि स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायचे. "साईं, जीवन में कड़वाहट की आदत होनी चाहिए," असं म्हणायचे. आम्हाला तो त्यांचा तात्त्विक स्वभाव वाटायचा.

वनिताने एक छोटी वही केली होती. तिला ती खासगी प्रयोगवही म्हणायची. एकदा तिने मला दाखवली. अगदी रीतसर रकाने आखलेले. 'निरीक्षण: विटकरी. अनुमान: काल मावशीकडे साखरपुडा होता.' 'निरीक्षण: हिरवा. अनुमान: लाडू एकच खाल्ला हे आईला सांगितलं ते खरं नव्हतं.' 'निरीक्षण: निळा. अनुमान: मी शहाणी आहे.' एका पानावर फक्त 'निरीक्षण: नारिंगी. अनुमान: काही न खाता. हा अन्याय आहे,' असं होतं. बाकीच्या पोरांच्या प्रयोगवह्या मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेल्या असत. खरी निरीक्षणं लिहिलेली वही मी उभ्या नोकरीत ती एकच पाहिली.

साखर वाढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे मला नंतर कळलं. इंजेक्शन घेतलं आणि जेवण वेळेवर पोटात गेलं नाही, की साखर झरझर खाली येते. कुणाला घाम येतो, कुणाचे हात कापतात. वनिताला राग यायचा. एरवी मान वर न करणारी ही मुलगी एकदा दुपारी बाराच्या सुमारास लालवानी सर प्रयोगशाळेत शिकवत असताना ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही पाऊण तास एकच वाक्य बोलताय! दुसरं येत नाही का?"

बाकीची पोरं वह्यांत तोंड खुपसून बसली. कारण ते खरं होतं. मला मात्र तिच्या कपाळावरचा घाम दिसला. मी तिला आत नेऊन चहासाठीची साखर चारली. दहा मिनिटांनी ती पुन्हा जुनी वनिता झाली आणि तिने हळूच विचारलं, "मामा, मी काही बोलले का?"

"बोललीस. आम्हाला दहा वर्षं जमलं नव्हतं ते बोललीस."

सर पुढे तिच्यावर रागावले नाहीत, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं.

त्यानंतर मी ग्लुकोजची पावडर आणून एका रिकाम्या बाटलीत भरून तिच्या टेबलाखालच्या कपाटात ठेवली आणि बाहेरून स्पष्ट 'ग्लुकोज' लिहिलं. दोन दिवसांत बाटली तळाला गेली. उन्हाळा होता, स्टाफरूममध्ये लिंबाचं सरबत चालू होतं. वर तिघांनी विचारलं, "मामा, हे कुणासाठी?" म्हणजे चोरीही झाली आणि गुपितही धोक्यात. मी पुन्हा बाटली भरली. आमच्याकडे विषारी रसायनांसाठी छापील लेबलं यायची. लाल रंगात कवटी, खाली दोन आडवी हाडं. त्यातलं एक मी ग्लुकोजच्या बाटलीवर चिकटवलं. त्यानंतर कुणीही तिला हात लावला नाही. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिचे वडील मला पहिल्यांदा दिसले ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी. पिशवीत जांभळाच्या बियांची पूड, साखरेवरचा गावठी उपाय. पोरगी डबा विसरली म्हणून द्यायला आलोय, असं म्हणाले, पण पोरीशी बोलण्याआधी मला बाजूला घेतलं.

"मामा, पोर अभ्यासात कशी हाय?"

"उत्तम आहे."

"आनि तब्येतीनं?"

"तीही उत्तम."

"कोनाला काय ठाव नाय ना?"

"कशाबद्दल?"

"काय नाय." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आमच्या गावानशी कालेजात आलेली ही पयलीच पोर. पन सांगून ठेवतो. एक बार जरी इथं चक्कर येवून पडली, चार लोकांत बोभाटा झाला, त मी तिला घरी नेनार. नेरळची सोयरीक आलीय. पोरगा फॅक्टरीत हाय. ते लोक थांबल्यात, पन बोभाटा झाल्यावर कोन थांबतंय?"

माणूस वाईट नव्हता. जांभळाची पूड करायला त्यांनी किती बिया वाळवल्या असतील. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, इथे कुणालाही काही कळणार नाही. ते वाक्य मी अभिमानाने बोललो.

आता तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेकडे येतो. बाहेरच्या लोकांना कल्पना नसते, पण प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्यात मोठा संशयित म्हणजे मामा. विद्यार्थ्याला एक पांढरी पूड देतात, ती काय आहे हे त्याने शोधायचं असतं. पुड्या मामानेच बांधलेल्या असतात, तेव्हा उत्तरं मामाला पाठ. काही कॉलेजांतले मामा कान खाजवून क्लोराइड आणि नाक चोळून सल्फेट सांगतात, अशी ख्याती होती. मी ते कधी केलं नाही. मला कुणी तसं नीट विचारलंच नाही.

बाहेरचे परीक्षक मुंबईहून यायचे होते. परीक्षा सुरू व्हायची होती आठला, साहेब आले दहाला. आले ते घामाघूम, चिडलेले आणि आल्या आल्या म्हणाले, "परीक्षा संपेपर्यंत कुणी खोलीबाहेर जाणार नाही. आणि तुम्ही," हे मला, "त्या भिंतीपाशी उभे राहा. हलायचं नाही."

मी भिंतीपाशी उभा राहिलो आणि मनात हिशेब मांडला. वनिताने पहाटे पाचला इंजेक्शन घेतलं असणार. सहाला भाकरी. अकराला डबा खायची वेळ. पावणेबारा झाले तेव्हा ती परीक्षानळी उलटी धरून तिच्यात बघत होती. बारा वाजता शेजारच्या पोराला म्हणाली, "तुझा बर्नर माझ्याकडे का बघतोय?"

मी भिंतीपाशीच उभा राहून तिला खूण केली. पाचही बोटं जुळवून तोंडाकडे. खा, बाई, खा. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मी पुन्हा केली. परीक्षकांनी चष्मा वर केला. मी बोटं मिशीवर नेली आणि मिशी पिळली. त्यांनी मान वळवली की पुन्हा बोटं तोंडाकडे. तेवढ्यात मला दिसलं की पुढच्या रांगेतली तीन पोरं माझ्याकडे टक लावून बघतायत आणि उत्तरपत्रिकेत भराभर काहीतरी लिहितायत.

शेवटी वनिता वाकली, टेबलाखालचं कपाट उघडलं, बाटली काढली, तळहातावर भरपूर पांढरी पूड ओतली आणि तोंडात टाकली. कवटी बरोबर परीक्षकांच्या समोर.

"विष!" परीक्षक ओरडले. "मुलीने विष खाल्लं!"

मग काय झालं ते क्रमाने सांगणं अवघड आहे. एक मुलगी किंचाळली, एक रडायला लागली, एका पोराच्या हातून ब्युरेट पडलं. दोघे दार उघडून कँटीनकडे पळाले आणि जाता जाता सगळ्या व्हरांड्याला बातमी देत गेले. परीक्षक वनिताला उलटी करायला सांगत होते आणि ती तोंडात ग्लुकोज भरून त्यांना "गप्प बसा!" म्हणत होती.

मी भिंत सोडली. धावत गेलो, बाटली घेतली आणि म्हणालो, "साहेब, हे विष नाही. हे बघा." आणि मूठभर पावडर माझ्या तोंडात टाकली.

"आता दोघे!" परीक्षक म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कोरडी पावडर घशात गेल्यामुळे मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लाल झाला. विष खाल्लेल्या माणसाचं इतकं हुबेहूब दर्शन मी मुद्दाम ठरवूनही घडवलं नसतं. पाणी पिऊन बोलता येईपर्यंत पाच मिनिटं गेली. तोवर परीक्षकांनी वही काढली होती.

"विषाच्या बाटलीत खाद्यपदार्थ. परीक्षेत खाणाखुणा. मी लेखी तक्रार करणार. तुमची नोकरी राहणार नाही. कुणासाठी होतं हे? बोला!"

मी बोलणार नव्हतो. मी तिच्या वडिलांना शब्द दिला होता. नोकरी जाईल हे मला समोर दिसत होतं आणि घरी काय सांगायचं याची जुळवाजुळवही मी करू लागलो होतो. तेवढ्यात मागून वनिताचा आवाज आला. तिची साखर वर आली होती. आवाज बारीक होता, पण पूर्ण तिचा होता.

"सर, मामांना काही बोलू नका. ते ग्लुकोज आहे. माझ्यासाठी आहे. मला मधुमेह आहे." मग ती पुढे म्हणाली, "दहावीत असल्यापासून इंजेक्शन घेते. ते खाल्लं नसतं तर मी इथे पडले असते."

तीस जणांच्या खोलीत तिने ते सांगितलं. तीन वर्षं झाडू घेऊन मी जे राखलं होतं, ते तिने माझ्या नोकरीसाठी अर्ध्या मिनिटात टाकून दिलं.

गलका ऐकून लालवानी सर केबिनमधून आले. त्यांनी बाटली उचलली, काहीही न विचारता परीक्षानळीत बेनेडिक्टचं द्रावण घेतलं, चिमूटभर पावडर टाकली, उकळली. विटकरी गाळ. त्यांनी नळी परीक्षकांसमोर धरली.

"लो साईं. ग्लुकोज. ज़हर नहीं है. बच्ची सच बोलती है." मग ते माझ्याकडे वळले. "और कदम, तुम तीन साल से सोचते होगे, एक लड़की इतना बेनेडिक्ट कैसे खतम करती है. आधा मैं करता हूँ. मुझे भी शुगर है."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मला एकदम सगळं कळलं. बिनसाखरेचा चहा, वाटून टाकलेली मिठाई आणि वनिता ओरडली तेव्हा न आलेला राग. फ्यूम कपाटामागे ती दुपारी जायची आणि सर सकाळी. मी दोघांसाठी द्रावण बनवत होतो आणि मला एकच माहीत होती.

परीक्षकांनी वही मिटली आणि ते वनिताला म्हणाले, "आधी डबा खा. मग तुला एक तास जास्त देतो." ते स्वतः तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले आणि ती भाकरी खात असताना तिला विचारत राहिले की मिठाई न खाता सण कसे काढतेस. शेवटी म्हणाले, आमच्या आईलाही आहे. पुढच्या रांगेतल्या त्या तिघांची उत्तरं तपासताना मात्र ते चक्रावले. दिलेली पूड वेगवेगळी, पण तिघांनीही 'ॲसिटेट' लिहिलं होतं. बोटं तोंडाकडे म्हणजे लोणच्यातलं व्हिनेगर, असा अर्थ त्यांनी लावला होता.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या कँटीनला दूध घालणारा माणूस चामटोलीचा होता. कँटीनमध्ये बातमी पोचली तेव्हा तो रिकामे कॅन घेऊन निघतच होता. ग्लुकोजचा खुलासा ऐकायला तो थांबला नाही.

अडीच वाजता दारात वनिताचे वडील उभे. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल एकच. मागे गावातली दोन माणसं. ते आत आले आणि शेवटच्या टेबलापाशी थांबले. वनिता ब्युरेटमधून एकेक थेंब सोडत होती, डोळे नळीवरच्या आकड्यांवर. परीक्षा चालू होती, म्हणून तिने बापाकडे बघितलंही नाही.

"वने," ते म्हणाले. "नको करू गं नेरळची सोयरीक. कोनीच नाय केली तुजवर जबरदस्ती. पन असा काय केलास गं?"

तिने तोटी बंद केली. "काय केलं, बाबा?"

"जहर खाल्लास ना?"

पोरं हसू दाबत होती, पण ते हसू कुणाच्याच तोंडावर टिकलं नाही. वनिताने त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मी बाटली आणून त्यांच्या तळहातावर पूड ठेवली. त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जिभेला लावली.

"गोड हाय," ते म्हणाले.

"गोडच आहे."

त्यांनी बाटली हातात घेतली. वाचता येत नव्हतं, पण कवटी कुणालाही वाचता येते. "मंग हिच्यावर ह्या मुरद्याचा चित्र कशाला?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिल्यांदाच प्रकाश पडला. इतके महिने ती बाटली तिच्या टेबलाखाली होती. मी रजेवर असताना ही मुलगी पडली असती, तर तिला वाचवणारी एकच गोष्ट हाताशी होती आणि तिला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. मीच तशी व्यवस्था करून ठेवली होती.

"कोणाला कळू नये म्हणून," मी शेवटी म्हणालो. "तुम्ही म्हणाला होतात ना."

बाटली पोरीच्या हातात देऊन त्यांनी कवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काड ता." एवढंच. मग ते बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले आणि परीक्षा संपेपर्यंत उठले नाहीत.

वनिताने नळाखाली कवटी भिजवली आणि नखाने खरवडून काढली. माझ्याकडून कोरं लेबल मागून घेतलं आणि प्रयोगवहीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'वनिता भोईर, चामटोली. मला मधुमेह आहे. मी विनाकारण भांडायला लागले तर यातले तीन चमचे द्यावेत.' बाटली तिने टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. उरलेले पंधरा दिवस पोरं तिला चिडवून भांडायला लावायची आणि चमचा घेऊन धावायची.

नेरळची सोयरीक मोडली. वनिता पास झाली, पहिल्या वर्गात. पुढे लग्न केलं, आजाराचं आधी सांगून केलं. लालवानी सर गेले, पण जाईपर्यंत मिठाई वाटत होते. ती बाटली पुढेही आमच्या टेबलावर राहिली. दरवर्षी कुणी ना कुणी निघायचं. एका पोराला दमा, एका मुलीला फिट्स. दर वेळी मी कोरं लेबल द्यायचो आणि म्हणायचो, स्वतःच्या हाताने लिही.

वनिताची आज बदलापूरला स्वतःची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी मी तिथे गेलो, सारखी तहान लागते म्हणून. तिने नमुना घेतला, आत गेली आणि बाहेर आली ती हसत.

"मामा, विटकरी," ती म्हणाली. "पण आम्ही आता चाखत नाही हं."

तिने माझ्यासाठी ग्लुकोजची एक बाटली भरून दिली. लेबल तिच्याच अक्षरात: 'कदममामा. मला मधुमेह आहे. मी विनाकारण भांडायला लागलो तर यातले तीन चमचे द्यावेत.' बाटली आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. गेल्या आठवड्यात मी चष्मा लावून बघितलं, तर खाली आमच्या सौ.ने पेनने एक ओळ वाढवली होती:

'भांडण नेहमीचंच असेल तर देऊ नये. घाम आला आहे का ते आधी पाहावं. मी पाहते.'